सात लाखांची शाळा आणि वाचता न येणारी सहा मुले

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण एका जिल्हा परिषद प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आहात. शाळेचा पहिली ते पाचवीचा पट 68 आहे. गेल्या तीन वर्षांत ग्रामपंचायतीचा निधी, एका कारखान्याचा सीएसआर (सामाजिक कामांसाठीचा निधी) आणि लोकवर्गणी मिळून शाळेवर सुमारे सात लाख रुपये खर्च झाले. त्यातून दोन वर्ग डिजिटल झाले, भिंती रंगल्या, फरशी बसली. तरीही पाचवीच्या 14 पैकी 6 मुलांना दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेद सलग वाचता येत नाही, आणि गावातली बारा मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसून जाऊ लागली आहेत. आता यात्रा कमिटीकडे आणखी तीन लाख रुपये शिल्लक आहेत. ते शाळेला द्यावेत की नाहीत, शासनाने निधी वाढवला तर गुणवत्ता वाढेल का, की शेवटी सगळे घरच्या परिस्थितीवरच ठरते, असे आपण विचारले आहे.

प्राथमिक शिक्षक, केंद्रप्रमुख आणि शेवटी शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून मराठवाड्यात मी 33 वर्षे नोकरी केली, आणि हा प्रश्न मला शिक्षकांपेक्षा सरपंचांनी अधिक वेळा विचारला आहे. पैशाने मुलांच्या शिकण्यात फरक पडतो, हे माझे उत्तर. मात्र शिक्षकाचा मुलासमोरचा वेळ वाढावा, किंवा त्या वेळेत चाललेले काम मुलाच्या पातळीला यावे, यासाठी जो पैसा लागतो त्यानेच तो पडतो. बाकीचा पैसा शाळा चांगली दिसण्यासाठी लागतो. तोही काही वाया जात नाही, पण त्याच्याकडून वाचनाची अपेक्षा करू नये. आपले सात लाख बहुतांशी दुसऱ्या प्रकारचे होते.

या वादाला जगभरात मोठा इतिहास आहे आणि तो दोन्ही बाजूंनी अर्धवट सांगितला जातो. अमेरिकेत 1964 च्या नागरी हक्क कायद्यानुसार जी मोठी पाहणी झाली, तिचा अहवाल समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी 1966 मध्ये मांडला. शाळाशाळांतल्या इमारती, प्रयोगशाळा आणि खर्च यांतल्या फरकापेक्षा मुलाच्या घरची पार्श्वभूमी आणि त्याच्याबरोबर शिकणारी मुले यांचा गुणांशी अधिक घट्ट संबंध दिसतो, असा त्याचा निष्कर्ष होता. तेव्हापासून ‘शाळेवर पैसा घालून काही होत नाही’ असे म्हणणाऱ्यांच्या हाती एक कोलीत आले. पण एका वेळी घेतलेल्या पाहणीत एक अडचण असते. जिथे मुले मागे आहेत तिथेच अनेकदा जास्त निधी पाठवला जातो, त्यामुळे जास्त निधी आणि कमी गुण एकत्र दिसतात आणि औषधामुळेच आजार झाला असे वाटू लागते. किराबो जॅक्सन, रकर जॉन्सन आणि क्लॉडिया पर्सिको यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही अडचण टाळली. त्यांनी न्यायालयांच्या आदेशांमुळे शाळांचा निधी जिथे वाढला तिथली मुले मोठी होईपर्यंतची माहिती तपासली. बारा वर्षे दरवर्षी दरडोई खर्च 10 टक्क्यांनी जास्त राहिला तर त्या मुलांचे प्रौढपणीचे वेतन सुमारे 7 टक्क्यांनी अधिक असते आणि गरीब घरांतल्या मुलांना त्याचा लाभ सर्वांत जास्त होतो, असे त्यांना आढळले. यातले ‘बारा वर्षे’ हे शब्द मी मुद्दाम अधोरेखित करतो, कारण आपल्याकडचा निधी बहुधा एकदाच येतो, फीत कापून घेतो आणि निघून जातो.

आपल्याला अधिक जवळचा अभ्यास आंध्र प्रदेशातला आहे. जिष्णू दास, कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये तो प्रसिद्ध केला. सरकारी प्राथमिक शाळांना वह्या, पुस्तके, शैक्षणिक साहित्य यांसाठी अनुदान दिले गेले. पहिल्या वर्षी हे अनुदान पालकांना अनपेक्षित होते आणि त्या वर्षी मुलांचे गुण वाढले. दुसऱ्या वर्षी अनुदान येणार हे सर्वांना ठाऊक होते, म्हणून पालकांनी घरून होणारा वह्या-पुस्तकांवरचा खर्च कमी केला आणि गुणांतली वाढ दिसेनाशी झाली. यात पालकांचा दोष काढण्याचे कारण नाही. ज्या घरात महिन्याचा हिशेब दुकानदाराच्या उधारीच्या वहीत असतो, तिथे शाळेतून वही मिळाली की वाचलेले पैसे तेलामिठाला जाणारच. शिकण्याच्या दृष्टीने यातून निघणारा अर्थ मात्र सरळ आहे. घर स्वतः जे विकत घेऊ शकते तेच शाळेने घेऊन दिले, तर मुलाला आर्थिक आधार मिळतो, पण त्याचे शिकणे फारसे वाढत नाही. घराला बाजारात मिळत नाही असे काही शाळेने दिले तर ते वाढते, आणि आपल्या गावातल्या घरांना बाजारात न मिळणारी गोष्ट म्हणजे मुलाला काय येत नाही हे ओळखून त्याच्या शेजारी बसणारे माणूस.

शासन जिल्हा परिषदेच्या मुलावर किती खर्च करते, हा आकडा सभांत फार वापरला जातो. त्याचा फसवेपणा एका उदाहरणाने सांगतो. समजा 20 पटाच्या वस्तीशाळेत दोन शिक्षक आहेत आणि दोघांचे सरासरी वेतन महिना 60 हजार रुपये आहे. वर्षाचे 14 लाख 40 हजार रुपये झाले, म्हणजे दर मुलामागे 72 हजार. हा आकडा ऐकून ‘एवढ्या पैशात शहरातल्या चांगल्या शाळेत घातले असते’ असे कोणीही म्हणेल. पण त्याच शाळेला खडू, दुरुस्ती, वीज, स्वच्छता यांसाठी समग्र शिक्षा अभियानातून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान वर्षाला 10 हजार रुपये, म्हणजे दर मुलामागे 500 रुपये असते, आणि त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी राखून ठेवावा लागतो. आपल्या 68 पटाला हे अनुदान 25 हजार आहे. कागदावर श्रीमंत दिसणारी शाळा प्रत्यक्षात वीजबिलासाठी शिक्षकांच्या खिशात हात घालते ती अशी. दोन्ही आकडे खरे असतात, कोणता सांगायचा हे सांगणाऱ्याच्या हेतूवर ठरते.

रकमेइतकेच महत्त्व तारखेला असते, आणि याची जाणीव शाळेबाहेरच्या लोकांना क्वचितच असते. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपते. या दोन दिनदर्शिकांच्या मधल्या फटीत किती निधी निष्फळ झाला याची मोजदाद कोणी केलेली नाही. माझ्या बीटमध्ये (माझ्या देखरेखीखालच्या शाळांच्या गटात) एका वर्षी ग्रंथालयासाठीची रक्कम मार्चच्या शेवटच्या आठवड्यात खात्यावर आली. निवड करायला, मुलांना काय आवडेल हे पाहायला कोणालाच वेळ नव्हता. जो विक्रेता दोन दिवसांत गठ्ठे आणि पावती दोन्ही देऊ शकत होता त्याच्याकडून पुस्तके आली. त्यांत पहिलीच्या मुलांसाठी थोर पुरुषांची बारीक टायपातली चरित्रे होती. उपयोगिता प्रमाणपत्र मात्र वेळेत गेले आणि त्यावर माझीही सही होती. आता शून्य शिल्लक खात्याची पद्धत (शाळेला पैशाऐवजी फक्त खर्चाची मर्यादा मिळते) आल्यापासून 31 मार्चला न वापरलेली मर्यादा परत जाते, त्यामुळे घाई आणखी वाढली आहे. गणवेशाचेही तसेच. दोन जोडांसाठी दर मुलामागे 600 रुपयांची तरतूद आहे. 2024-25 मध्ये राज्याने कापड एकत्र खरेदी करून वाटण्याचे ठरवले, तेव्हा अनेक शाळांत गणवेश वेळेवर पोहोचले नाहीत, आणि पुढे खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आला. तीच रक्कम, तीच मुले. फक्त पैसा कोणत्या वाटेने आला एवढ्याने फरक पडला.

आता शिक्षकाच्या वेळेकडे येतो, कारण माझ्या मते सगळा प्रश्न इथेच आहे. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन सांगितले आहे. आपल्या शाळेत पाच वर्ग आहेत. 61 ते 90 पटाला कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे तीन शिक्षक हवेत. आपण लिहिता की मंजूर पदे तीन आहेत, पण एक शिक्षक दीड वर्षापासून तालुक्याच्या कार्यालयात प्रतिनियुक्तीवर आहेत. म्हणजे दोन शिक्षक आणि पाच वर्ग. दोघांनी एकही दिवस न चुकता पूर्ण वेळ शिकवले तरी दोघांचे मिळून 1,600 तास होतात आणि ते पाच वर्गांत वाटले की प्रत्येक वर्गाला 320 तास येतात. कायदा ज्याला किमान म्हणतो त्याच्या निम्म्याहूनही कमी. आपल्या दोघांपैकी एकाकडे प्रभारी मुख्याध्यापकपद आहे, कारण स्वतंत्र मुख्याध्यापकाचे पद कायद्याने 150 च्या वर पट असलेल्या प्राथमिक शाळेलाच मिळते. त्यामुळे पोषण आहाराची नोंद, यू-डायस या सरकारी शाळा-नोंदणीत भरायची माहिती, आधार जुळवणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, केंद्राच्या बैठका आणि दर तासाला मोबाइलवर येणारे ‘तातडीचे’ तक्ते हे सर्व याच 320 तासांतून वजा होते. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण यांखेरीज अशैक्षणिक काम देऊ नये असे कलम 27 सांगते, पण मतदार यादीचे काम निवडणुकीच्या नावाखाली वर्षभर पुरते.

इथे शिक्षकांविषयी एक अन्याय्य समज दूर करणे मला आवश्यक वाटते. 2003 मध्ये देशभर अचानक भेटी देऊन जी पाहणी झाली, तिच्यात सरकारी प्राथमिक शाळांतल्या साधारण चारपैकी एक शिक्षक गैरहजर आढळला होता. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे 15 टक्के, म्हणजे पाहणीतल्या राज्यांत सर्वांत कमी होते. आपला शिक्षक शाळेत येतो. तो आल्यावर त्याच्या हाती किती वेळ उरतो, आणि चार वेगवेगळ्या पातळ्यांची मुले एका खोलीत घेऊन तो त्या वेळेचे काय करू शकतो, हा आपला प्रश्न आहे. यू-डायसच्या 2024-25 च्या आकडेवारीत राज्यात आठ हजारांहून अधिक एकशिक्षकी शाळा आहेत. तिथला शिक्षक रजेवर गेला की शाळाच रजेवर जाते.

वेळ वाढवल्याने काय होते याचा पुरावा परदेशात शोधण्याची गरज नाही, तो मुंबईत आहे. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत ‘बालसखी’ नावाचा कार्यक्रम चालवला. त्याच वस्तीतली शिकलेली तरुणी अल्प मानधनावर नेमायची, आणि तिने तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास वेगळी बसवून अक्षर, शब्द, बेरीज यांपासून सुरुवात करायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात मुलांचे गुण लक्षणीय वाढलेले दिसले, आणि ही वाढ मुख्यतः तळातल्या मुलांची होती. वडोदऱ्यात गणिताच्या संगणक खेळांचाही प्रयोग झाला आणि त्यानेही गणितात चांगला फरक पडला, पण त्यासाठी दर मुलामागे खर्च जास्त आला. आपल्या डिजिटल वर्गाच्या संदर्भात हा तपशील लक्षात घेण्यासारखा आहे. तिथे मुले आपापल्या पातळीचे गणित स्वतः सोडवत होती. आपल्याकडे पडद्यावर पाचवीची कविता ऍनिमेशनसह सर्वांना एकदम दाखवली जाते, आणि ज्या सहा मुलांना जोडाक्षर वाचता येत नाही ती ऍनिमेशन पाहून खूश होतात.

उलट बाजूचेही एक उदाहरण देतो. 2013-15 च्या सुमारास सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळांत ज्ञानरचनावादी पद्धतीने मुले जमिनीवर बसून, खडे, बिया, काड्या, शब्दपट्ट्या हाताळून शिकत होती आणि राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या ते पाहायला जात होत्या. मीही गेलो होतो. साहित्याचा खर्च नगण्य होता. तिथे दिसत होते ते मोठे भांडवल म्हणजे शिक्षकांचे एकमेकांच्या वर्गात जाऊन बसणे आणि प्रत्येक मूल आज कुठे आहे याची त्यांना असलेली अचूक माहिती. जून 2015 मध्ये राज्य शासनाचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि त्यानंतर माझ्या तालुक्यात जवळजवळ प्रत्येक शाळेची फरशी ऑइल पेंटने रंगली. वर्गणी निघाली, तक्ते आखले गेले, फोटो पाठवले गेले. काही शाळांत पद्धतही आली, पण बऱ्याच ठिकाणी रंग आला आणि मुले त्या रंगवलेल्या तक्त्यांवर पोती अंथरून पूर्वीप्रमाणेच रांगेत बसली.

पगाराविषयी थोडक्यात. इंडोनेशियात शिक्षकांचे मूळ वेतन दुप्पट केले गेले. त्याचा काटेकोर अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षक अधिक समाधानी झाले, त्यांचे जोडधंदे कमी झाले, पण मुलांच्या गुणांत फरक पडला नाही. त्यावरून शिक्षकांना कमी पगार द्यावा असा अर्थ काढणारे लोक मला भेटले आहेत. तो चुकीचा आहे. आपल्याकडे प्राथमिक शिक्षणसेवकाला (सुरुवातीची वर्षे मानधनावर असणाऱ्या शिक्षकाला) 2023 च्या आरंभापर्यंत महिना 6 हजार रुपये मानधन होते, मग ते 16 हजार झाले. घरापासून दूर खोली करून राहणाऱ्या डी.एड. झालेल्या तरुणाला 6 हजारांत शिकवण्याचा उत्साह टिकवायला सांगणे हीच मुळात क्रूर गोष्ट होती. सेवेत असलेल्या माणसाचा पगार वाढवून त्याची शिकवण्याची रीत आपोआप बदलत नाही, एवढेच इंडोनेशियाचा अनुभव सांगतो. चांगली माणसे या पेशाकडे वळावीत यासाठी पगार लागतोच, आणि त्याचा परिणाम दोन-तीन वर्षांच्या अभ्यासात दिसत नाही.

घरच्या परिस्थितीचे म्हणाल तर कोलमन यांचा निष्कर्ष मी माझ्या वर्गात रोज पाहिला आहे. पण ‘परिस्थिती’ हा शब्द फार ढोबळ आहे, तिचे भाग सुटे केले तर त्यांतले बरेच शाळेच्या हाताला लागतात. पहिला भाग पोटाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालील 35 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली आणि सहा महिने ते पाच वर्षे वयातल्या सुमारे 69 टक्के मुलांत रक्तक्षय दिसला. हीच मुले पुढे पहिलीत येतात. शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला रोज 100 ग्रॅम धान्य आणि 450 कॅलरी ठरलेल्या आहेत, पण डाळ, भाजी, तेल, इंधन यांचा खर्च मे 2025 पासूनही दर मुलामागे 6 रुपये 78 पैसेच आहे. एवढ्यात भाजी काय पडत असेल हे स्वयंपाक करणाऱ्या ताईंना विचारावे. दुसरा भाग डोळ्यांचा आणि कानांचा. मतिमंद ठरवून मागे बसवलेल्या एका मुलीला चष्मा लागल्यावर ती पंधरा दिवसांत फळा वाचू लागली, हे मी स्वतः पाहिले आहे, आणि तिच्या शिक्षकाइतकाच त्यात मीही दोषी होतो, कारण त्या वर्गाची तपासणी मी दोनदा केली होती.

तिसरा भाग स्थलांतराचा, आणि बीड, धाराशिव, जालना या पट्ट्यात तो सर्वांत जड आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कोयता घेऊन निघालेले कुटुंब मार्च-एप्रिलमध्ये परतते. मधल्या पाच महिन्यांत मूल पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात एखाद्या साखर कारखान्याच्या परिसरातल्या कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या झोपडीत) धाकट्या भावंडाला सांभाळत असते. अशा मुलाला शाळेची फरशी कशी आहे याने काहीही फरक पडत नाही. त्याला गावात ठेवणारे हंगामी वसतिगृह दिवाळीच्या आधी सुरू झाले तर फरक पडतो, आणि मंजुरी डिसेंबरात आली तर तोवर गाड्या निघून गेलेल्या असतात. पुन्हा प्रश्न रकमेपेक्षा तारखेचा. चौथा भाग भाषेचा. मेळघाटात कोरकू, सातपुड्यात भिलोरी-पावरी, गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्या मुलाला पहिलीच्या पहिल्या दिवशी मराठी ही परकी भाषा असते. आपल्या गावात हा प्रश्न नसेल, पण आपल्या सहा मुलांपैकी कोणी पारधी किंवा वडार वस्तीवरचे असेल तर तपासून पाहावे.

तालुक्याच्या इंग्रजी शाळेकडे गेलेल्या बारा मुलांबद्दल आपण खंत व्यक्त केली आहे. आंध्र प्रदेशात सोडत काढून काही मुलांना खाजगी शाळेचे शुल्क दिले गेले आणि चार वर्षांनी त्यांची तुलना सोडतीत नाव न आलेल्या मुलांशी केली गेली. तेलुगू आणि गणितात दोघांत फरक आढळला नाही, हिंदीत खाजगी शाळेची मुले पुढे होती, आणि खाजगी शाळांचा दर मुलामागचा खर्च मात्र सरकारी शाळांच्या साधारण एक तृतीयांश होता. म्हणजे तिथे जाऊन मुले फार शिकतात असे नाही, आणि सरकारी शाळेने यात समाधान मानावे असेही नाही. आपल्या गावातून गाडीत बसणारी मुले बहुधा अशा घरांतली असतात जिथे आई दहावी झालेली आहे आणि संध्याकाळी अभ्यास घेते. ती गेली की वर्गातली पुढे असणारी मुले जातात, आणि समितीच्या सभेत प्रश्न विचारणारे पालकही जातात. हे दुसरे नुकसान मोठे.

शासनाने निधी वाढवावा का, याचे उत्तर होय असेच आहे. महात्मा फुले यांनी 1882 मध्ये ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे जी कैफियत मांडली, तिचा गाभा हाच होता की महसूल रयतेच्या घामाचा आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांसाठी. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले तेव्हा त्यासाठी तिजोरीतून तरतूदही केली. कोठारी आयोगाने 1966 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च शिक्षणावर करावा असे सुचवले. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले, आणि ती मर्यादा आपण अजून गाठलेली नाही. लोकवर्गणीचे कौतुक करताना मला म्हणूनच थोडा संकोच होतो. अमेरिकेत शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागतो, त्यामुळे श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब राहते; 1973 मध्ये सॅन अँटोनियोच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही विषमता राज्यघटनेच्या विरोधात ठरवण्यास नकार दिला. आपण लोकवर्गणीच्या नावाने तीच रचना हळूहळू उभी करत आहोत. औद्योगिक वसाहतीलगतच्या गावात शाळेला जमीन, इमारत, संगणक मिळतात, आणि डोंगरातल्या तांड्यावर वर्गणी मागायला गेलो तर मागणाऱ्यालाच लाज वाटते. तांड्यावरच्या शाळेला जास्त देणे हे शासनाचेच काम आहे, कारण दुसरे कोणी ते करणार नाही.

आता आपले तीन लाख. एकही रुपया खर्च करण्यापूर्वी आपल्या समितीने दोन गोष्टी कराव्यात, त्यांना पैसा लागत नाही. पहिली, दुसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला व्हरांड्यात एकेकटे बसवून अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद यांपैकी काय वाचता येते याची यादी शिक्षकांसह करावी. परीक्षेचे गुण पाहू नयेत, वाचताना ऐकावे. मला खात्री आहे की पाचवीतल्या सहांच्या मागे तिसरीत आठ-दहा मुले उभी असतील. दुसरी, प्रतिनियुक्तीवरचा शिक्षक परत मिळावा म्हणून ग्रामसभेचा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि त्याची प्रत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना द्यावी. एका शिक्षकाचे वर्षाचे वेतन आपल्या तीन लाखांपेक्षा अधिक आहे आणि ते शासन आजही देतच आहे, फक्त आपल्या मुलांना त्याचा उपयोग होत नाही.

पैशाचे म्हणाल तर तो एका वर्षात संपवू नये, तीन वर्षांवर पसरावा. गावातली डी.एड. किंवा निदान बारावी झालेली, मुलांत रमणारी एखादी सून किंवा मुलगी महिना 5 हजार मानधनावर वर्षाचे दहा महिने घ्यावी. तीन वर्षांचे दीड लाख होतात. तिने शिक्षकाची जागा घ्यायची नाही आणि तिला पोषण आहाराच्या नोंदीही द्यायच्या नाहीत. रोज दोन तास, इयत्ता बाजूला ठेवून, वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करून बसायचे एवढेच तिचे काम. तिला काय करायचे ते शिक्षकांनी दर शनिवारी ठरवून द्यावे, नाहीतर दोन महिन्यांत ती स्वाध्यायपुस्तिका भरून घेऊ लागेल. वर्षाला 20 हजारांप्रमाणे 60 हजार वीजबिल आणि किरकोळ दुरुस्तीसाठी वेगळे ठेवावेत, म्हणजे निदान डिजिटल वर्गाचा पडदा चालू राहील आणि शिक्षकांच्या मागचा एक त्रास कमी होईल. 40 हजारांची पुस्तके घ्यावीत, मोठ्या अक्षरांची, एका पानावर दोन-तीन ओळींची, आणि ती कपाटात कुलूप लावून न ठेवता दोरीवर टांगावीत. फाटली तर वाचली गेली असे समजावे. उरलेले 50 हजार तपासणीत निघणारे चष्मे, कोयत्यावर जाणाऱ्या घरांतली मुले आजी-आजोबांकडे राहणार असतील तर त्यांचा किराणा, असल्या अचानक निघणाऱ्या गोष्टींसाठी ठेवावेत. रंग या वेळी नको.

एक तपासणी मात्र या आठवड्यातच करावी. संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवण्याची प्रक्रिया, 30 सप्टेंबरच्या पटावर होते आणि ज्या मुलांचे आधार जुळत नाही ती त्या पटात धरली जात नाहीत. आपला पट 68 आहे. नावातल्या वेलांटीमुळे किंवा जन्मतारखेच्या चुकीमुळे त्यांतल्या आठ मुलांचे आधार अवैध राहिले तर शासनाच्या लेखी आपला पट 60 होतो आणि ज्या तिसऱ्या पदासाठी आपण ठराव करणार आहात ते पदच धोक्यात येते. तेव्हा मुख्याध्यापकांकडून ती यादी मागून घ्यावी आणि ज्यांची दुरुस्ती बाकी आहे त्या पालकांना आधार केंद्रावर नेण्यासाठी गावातली एक जीप एका दिवसापुरती ठरवावी.